बेचाळीस जणींत एक पट्टी

मी एक लाकडी पट्टी बोलतेय. सात इंच लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला भोक आणि भोकात काळी दोरी. मला बघून तुम्ही म्हणाल, हिच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? मलाही तसंच वाटायचं. पण एका बाईच्या ॲप्रनच्या खिशातून मी इस्पितळात जाऊन आले, आणि तिथे जे ऐकलं ते ऐकल्यापासून मला गप्प बसवत नाही.

मूळची मी मोजपट्टी. शर्ट शिवण्याच्या कारखान्यात, कापड बेतायच्या लांब टेबलावर माझा जन्म गेला असता. पण एकदा कटिंगमास्तरच्या हातून पट्टी फरशीवर पडली, वर कुणाचा तरी बूट पडला आणि तिचे तीन तुकडे झाले. दोन कचऱ्यात गेले. मधला तुकडा म्हणजे मी. माझ्या अंगावर अजून सहा ते तेरा एवढेच आकडे आहेत.

मला उचललं ते ताईंनी. ताई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सुपरवायझर. या मजल्यावर बेचाळीस बायका एकीमागे एक मशीनवर बसतात. पहिली खिसा लावते, पुढची खांदा जोडते, तिच्यापुढची कॉलर लावते, मग काज, मग बटण. शर्ट हातोहात पुढे सरकतो. सगळ्या एकमेकींना मशीनच्या नावानेच हाक मारतात.

माझ्याआधी तिथे वेगळीच रीत होती. लघवीला जायचं तर मशीन बंद करून, सगळ्यांच्या देखत मॅनेजरच्या काचेच्या खोलीपर्यंत जायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं, "साहेब, जाऊन येऊ?" साहेब आधी घड्याळाकडे बघायचे, मग तिच्याकडे. "आत्ताच तर गेली होतीस." नव्या पोरी शरमेने लाल व्हायच्या आणि परत येऊन बसायच्या. ताईंनी स्वतः दहा वर्षं बाहीच्या मशीनवर काढली होती. त्याही त्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

सुपरवायझर झाल्यावर ताईंनी पहिलं काम केलं ते हे. मला भोक पाडलं, दोरी ओवली आणि पहिल्या मशीनशेजारच्या खांबावर खिळा ठोकून टांगलं.

"आजपासून कुणाला विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी खिळ्यावर दिसली की घ्यायची, जायचं, आणून परत लावायची. एका वेळी एकच जाईल, असं मी साहेबांना कबूल केलंय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बटणवाली मावशी, लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, मला हातात घेऊन म्हणाली, "चला, बेचाळीस जणींची लाज सात इंचांत झाकली."

त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता. माझा जन्म चांगुलपणातून झाला, हे मी आजही मानते. म्हणूनच पुढचं जास्त बोचतं.

साधा हिशेब करून बघा. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. बायका बेचाळीस. एकीच्या वाट्याला दिवसाला अकरा मिनिटं. संडास खाली, दोन जिने उतरून, मालाच्या खोक्यांमधून वाट काढत, मागच्या अंगणापलीकडे. जाऊन यायलाच नऊ मिनिटं. म्हणजे प्रत्येकीने दिवसातून एकदा जावं, तेही आपल्या गरजेने नव्हे, मी खिळ्यावर असेन तेव्हा. जेवणाच्या सुटीत जावं म्हटलं तर तिन्ही मजल्यांची रांग दोन दारांसमोर.

हा हिशेब ताईंनी केला नाही. साहेबांनी तर नाहीच नाही. कुणीच केला नाही. बायका शिकलेल्या होत्या, घरखर्च पैपैने जुळवणाऱ्या होत्या, पण स्वतःच्या देहाचा हिशेब मांडायला कुणी बसलं नाही. मला या गोष्टीचा राग येतो. लाकडाला राग येत नाही म्हणतात, पण मला येतो.

माझ्यावर पहारेकरी नव्हता. त्याची गरजच पडली नाही. एक बाई उठली की तिच्या मशीनपुढे शर्टांचा ढीग साचतो आणि तिच्या पुढच्या सगळ्या रिकाम्या बसतात. भिंतीवरच्या फळ्यावर दर तासाला किती शर्ट झाले ते खडूने लिहितात. आकडा पडला की सगळ्या लाइनला बोलणी. त्यामुळे जी मला हातात घ्यायची, तिच्या पाठीवर एकेचाळीस जोड्या डोळे असायचे. साहेबांना काचेबाहेर यायचीही गरज नव्हती.

कॉलरवाली मला सगळ्यात कमी वेळा घ्यायची. बारीक चणीची, चौतीस-पस्तिशीची, जिभेवर सदा काहीतरी खुसखुशीत. नवरा मालाची गाडी चालवायचा, मुलगी नववीत. तिने पाणी न पिण्याची युक्ती शोधली होती. सकाळी घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जायची आणि गॅलरीतल्या कुंडीत रिकामी व्हायची.

"मी उंट आहे," ती म्हणायची. "उंटाला कधी पट्टी लागते का?"

सगळ्या हसायच्या आणि तिचं कौतुक करायच्या. ताईसुद्धा म्हणायच्या, "हिच्याकडून शिका जरा." मग एकेक जण उंट व्हायला लागली.

आणि एके दिवशी हाच उंट सकाळपासून तिसऱ्यांदा माझ्याकडे आला.

संडासात आत एक खुंटी आहे. बायका मला तिथे अडकवतात. त्यामुळे जे कुणी बघत नाही ते मी बघते. कॉलरवाली बसली आणि तिने ॲप्रनचं टोक दातांत धरलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार थेंब, आणि तेही निखाऱ्यासारखे. उठली, हात धुतले, जिना चढली, मशीनवर बसली. पंधरा मिनिटांत पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

"काय गं, पट्टीशी लग्न लावलंस काय?" तिच्या पुढच्या मशीनवरची काजवाली म्हणाली. "तुझी कॉलर येईपर्यंत मी काय माश्या मारत बसू?"

"मार की. माझ्या वाट्याच्या पण मार," कॉलरवाली म्हणाली. हसली, पण बसल्या जागी आखडून.

मावशीने ते ओळखलं. दुपारी तिने बटणांच्या डब्यात हात घातला आणि तळातून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. मी समोरच होते, कारण तेव्हा मी मावशीच्या मांडीवर होते.

ही आमच्या लाइनची रीत होती आणि बायकांना तिचा अभिमान होता. कधीकाळी मावशीला हाच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहून दिल्या होत्या. चार घेतल्यावर जळजळ थांबली. उरलेल्या सहा फेकायच्या कशा? तिने त्या डब्यात ठेवल्या. मग ज्या बाईला जळजळ होईल ती दोन घ्यायची, फार तर तीन. आराम पडला की बाकीच्या पुढचीसाठी ठेवायच्या. पाकीट संपलं की त्याच जुन्या चिठ्ठीवर नवं आणायचं. एकटीने सगळं पाकीट संपवणं म्हणजे हावरटपणा. आपल्यापुरतं बघणाऱ्या बाईला लाइनवर मान नव्हता.

कॉलरवालीने दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं. महिन्याने पुन्हा दोन. मग पंधरा दिवसांनी तीन. वर्षभर हे असंच चाललं. मधे एकदा नवऱ्याने आग्रह केला म्हणून ती घराजवळच्या दवाखान्यात गेली. लघवी तपासायला सांगितली तेव्हा बाईसाहेबांनी काय करावं? आदल्या दिवशी दोन गोळ्या घेऊन मगच नमुना दिला.

"रिपोर्ट चांगला यायला नको का?" ती मावशीला सांगत होती. "चार माणसं वाचणार तो."

रिपोर्ट चांगलाच आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, पाणी भरपूर प्या. तिने तो कागद मावशीला दाखवला. "पाणी पिते हो. पण मग जाऊ कुठे? डॉक्टरांच्या घरी?"

शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. उकाड्याचे दिवस, वर पंखे गरम हवा फिरवत होते आणि कॉलरवाली थंडीने कुडकुडत होती. दातावर दात वाजत होते. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, पाठीत कुणी सळई खुपसावी तशी कळ. तरी अकरा वाजेपर्यंत तिने कॉलरी लावल्या. वाकड्या लागल्या तेव्हा काजवाली वैतागली, मग तिचा चेहरा बघून गप्प झाली.

तिने मला घेतलं, ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि जिना उतरली. आत जाऊन कडी लावली. मला खुंटीवर अडकवायचं राहिलं. त्याआधीच ती भिंतीला टेकून खाली सरकली.

वर दहा मिनिटं झाली, वीस झाली. बायका चिडल्या. "पट्टी कुठंय? पट्टी अडवून बसलीय." कुणालाच वाटलं नाही की बाई अडली असेल. पट्टी अडली, एवढंच दिसलं. पंचवीस मिनिटांनी मावशी ताईंना घेऊन खाली आली आणि दोघींनी खांद्याने दार मोडलं.

इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर एक आजोबा त्यांच्या बायकोबरोबर बसले होते. लघवी तुंबून पोट टम्म फुगलं होतं. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वयाने वाढली होती आणि वाट अडवत होती. आजी करवादत होत्या, "वर्षभर म्हणत होते दाखवा, दाखवा. म्हणे म्हातारपण आहे, चालायचंच." शेजारी एक रिक्षावाला पोटाशी गुडघे घेऊन तळमळत होता, मुतखड्याने. आणि आत माझी कॉलरवाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा एकटीचा रोग नव्हे, ही केवढी मोठी गर्दी आहे, आणि यातला प्रत्येक जण उशिरा आलेला आहे. कारण प्रत्येकाला हे सांगायची लाज वाटली.

मूत्रविकाराच्या डॉक्टर मॅडम आल्या. तरुण, बोलायला भराभर.

"बाईमाणूस आहे की," मावशी ताईंच्या कानात म्हणाली. "मला वाटलं हे पुरुषांचं खातं."

"सगळ्यांना तसंच वाटतं, मावशी," मॅडमनी ऐकलं होतं. "म्हणून बायका माझ्याकडे येतच नाहीत. येतात त्या अशा, उचलून आणलेल्या." मग कॉलरवालीकडे वाकून त्यांनी विचारलं, "याआधी असं झालं होतं? काही गोळ्या घेतल्यात? कुठल्याही? नीट आठवा, यावर सगळं अवलंबून आहे."

खाटेच्या एका बाजूला ताई उभ्या होत्या. त्यांनी लाइनवर गोळ्यांची देवाणघेवाण बंद केली होती, कुणी सापडली तर नोकरी जाईल असं बजावलं होतं. दुसऱ्या बाजूला नवरा. त्याला या गोळ्यांचं वर्षभर काही कळू दिलं नव्हतं. आणि पायाशी मावशी, जिचा तो डबा.

कॉलरवालीने तिघांकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "काही घेतलं नाही."

मावशीने मान खाली घातली आणि मूग गिळून उभी राहिली. मी खिशात होते. मला सगळं ठाऊक होतं. मला वाचा असती तर तेव्हा फुटायला हवी होती. आज बोलून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे.

सोनोग्राफी झाली. मॅडमनी नवऱ्याला बाहेर बोलावून रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने चित्र काढलं. माझा ॲप्रन त्याच्या हातात होता, त्यामुळे मलाही दिसलं.

"या दोन किडन्या. रक्त गाळून लघवी तयार करतात. प्रत्येकीतून एक बारीक नळी खाली येते आणि या पिशवीत उतरते. ही मूत्राची पिशवी. आणि पिशवीतून बाहेर जायला ही शेवटची नळी. पुरुषात ती लांब असते. बायकांत जेमतेम चार सेंटीमीटर." त्यांनी एवढीशी रेघ ओढली. "बाहेरचे जंतू एवढंसं अंतर सहज चढून जातात. सगळ्यांच्यातच चढतात. मग आपण पाणी पितो, लघवी करतो, जंतू वाहून जातात. निसर्गाने दिलेली ही धुण्याची सोय. पण पाणीच प्यायलं नाही आणि तासन् तास धरून ठेवलं, तर पिशवीत जंतूंची पैदास होते. जळजळ, थेंब थेंब, सारखी घाई. एवढ्यावर असताना आलं तर बऱ्याचदा काही दिवसांच्या गोळ्यांनी बरं होतं. दुर्लक्ष केलं की ते वर चढू शकतात. थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ आली, तर समजायचं, किडनीपर्यंत पोचलेत."

"हिचे पोचलेत?" नवऱ्याने विचारलं.

"कधीच. काही जंतू तर वर जाऊन स्वतःच खडा तयार करतात. तसा खडा हिच्या उजव्या किडनीत झालाय. त्याचा तुकडा नळीत अडकलाय आणि मागे पू साठलाय. तो आत्ता काढायला हवा, नाहीतर रक्तात पसरेल. मग किडनीचं सोडा, मी जिवाचीही खात्री देऊ शकणार नाही."

पाठीतून थेट किडनीत नळी घालून पू काढला. इंजेक्शनं सुरू झाली. पण ताप उतरेना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रक्तदाब खाली खाली जात होता. लघवीतले जंतू वाढवून कोणत्या औषधाने मरतात ते बघायची तपासणी दिली होती, पण तिच्या उत्तराला वेळ लागतो. तोवर अंदाजाने दिलेलं औषध नेमकं मावशीच्या डब्यातल्या गोळ्यांच्याच घराण्यातलं होतं. हे मॅडमना कुठून कळणार? बाईने सांगितलं होतं, काही घेतलं नाही.

मी खाटेशेजारच्या लोखंडी कपाटात ॲप्रनसकट पडून होते. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मावशी आली. कॉलरवालीने डोळे उघडले, पण मावशीला ओळखलं नाही. तिला आपली आई समजली. "आई, बाटली भरू नकोस," ती म्हणाली. "जड होते."

मावशी उठली. दारातून जाणाऱ्या मॅडमना तिने हाताला धरून थांबवलं आणि पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. दहा घरं. सात रिकामी, तीन भरलेली.

"हे काय?"

"अशी पाकिटं आम्ही पाच जणींनी खाल्लीत," मावशी म्हणाली. "दोन दोन करून. वर्षभर. हिने सगळ्यात जास्त. मी दिल्या, मॅडम. माझ्या हाताने दिल्या."

मॅडमनी पाकीट उलटं करून नाव वाचलं आणि जाग्यावरूनच नर्सला औषध बदलायला सांगितलं.

"मावशी," त्या नंतर म्हणाल्या, "अर्धं औषध घेतलं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या वेळी त्या चिवटांचीच प्रजा होते. तुम्ही वाटून खाल्लंत ते औषध नाही राहिलं, तालीम झाली. जंतूंची तालीम."

"आम्हाला वाटलं, एकमेकींना धरून राहतोय."

"ते मला कळतंय," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो मावशीवर नव्हता. "परवा का नाही सांगितलंत?"

मावशीकडे उत्तर होतं. ताई होत्या, नवरा होता, नोकरी होती. तिने ते दिलं नाही.

नव्या औषधाने चौथ्या दिवशी ताप उतरला. कॉलरवाली जगली. उजवी किडनी नाही जगली. ती पार सडली होती, महिन्याने शस्त्रक्रिया करून काढून टाकली. डावीवरही जुन्या आजारपणांचे व्रण होते. ती निम्म्याहून कमी काम करते असं तपासणीत निघालं.

घरी सोडताना मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "आता ही एकच आहे आणि हीसुद्धा थकलेली. हिला सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं साथ देईल. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. आणि दर तीन तासांनी लघवी. वाटलं तरी, नाही वाटलं तरी. हे धरून ठेवणं आता बंद. ही गेली तर आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून रक्त धुवावं लागेल."

"मशीनचीच सवय आहे मला," कॉलरवाली म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत. मग तीही थांबली.

अडीच महिन्यांनी ती कामावर परतली. मी तिच्या पिशवीत होते. खांबावरच्या खिळ्याला एव्हाना लाल प्लॅस्टिकची नवी पट्टी लटकत होती. मी नसताना लाइन एक दिवसही अडली नव्हती.

ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. मग पिशवीतून मला बाहेर काढलं आणि कॉलरच्या मशीनच्या दांडीला बांधलं. "ही तुझी. फक्त तुझी. तीन तासांनी बिनधास्त जायचं. साहेबांशी भांडून मिळवलंय मी हे."

"म्हणजे ताई, एक किडनी दिली की एक पट्टी मिळते," कॉलरवाली म्हणाली. "बाकीच्यांनी कधी द्यायची?"

ताईंचा चेहरा उतरला. त्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाल्या, "मला स्वतःला दोनदा झालंय हे. मी बोलले कुणाला? मिळालंय ते घे. बाकीच्यांचं नंतर बघू."

पण कॉलरवाली आता गप्प बसणारी नव्हती. जेवणाच्या सुटीत तिने कापडावर खुणा करायच्या खडूने टेबलावर चित्र काढलं, मॅडमनी काढलं होतं तसंच. दोन किडन्या, दोन नळ्या, एक पिशवी आणि ती एवढीशी रेघ. बायका डबे बाजूला सारून बघत राहिल्या. कित्येकींनी मुलं जन्माला घातली होती, पण आपल्या आत काय कुठे आहे हे पहिल्यांदा पाहत होत्या. मावशीने बटणांचा डबा सगळ्यांसमोर उपडा केला. तळाशी आता फक्त बटणं होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. लाल पट्टीसमोर रांग लागली. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आता बेचाळीस जणी मिळून त्या काचेच्या खोलीत जातील. फळ्यावरचा आकडा पडला. साहेब बाहेर आले, आकड्याकडे बघून परत आत गेले. तिसऱ्या दिवशी निम्म्या बाटल्या भरलेल्या राहिल्या. चौथ्या दिवशी टेबलावरचं चित्र कुणीतरी पुसून त्यावर कापड पसरलं.

आणि मग ते झालं. काजवालीला पाचवा महिना आहे. गर्भारपणात पिशवीवर दाब येतो, सारखं जावं लागतं, आणि या दिवसांत जंतू वर चढायचा धोकाही जास्त. लाल पट्टी खाली गेलेली होती. काजवाली खुर्चीत चुळबुळत होती.

"तुझी देतेस?" तिने विचारलं. "आले लगेच."

कॉलरवालीने घड्याळ बघितलं. तिची वेळ झाली होती. तिने मला दांडीवरून सोडून काजवालीच्या हातात दिलं.

हे एकदा झालं असतं तर मी बोलले नसते. पण काजवालीमागून खांदावाली आली, मग खिसावाली. कुणाला नाही म्हणायचं? आजारी असल्याचा माज आला, असं कुणी म्हणू नये म्हणून ती सगळ्यांना हो म्हणते. तिचे तीन तास चार झाले, चाराचे पाच झाले. मी तिच्या मशीनला बांधलेली असते ती फक्त सकाळी आणि संध्याकाळी.

आता मला कुणी सांगू नका की बायका किती सोसतात. सोसण्याचं कौतुक खूप ऐकलं, त्याचा पू होताना मी पाहिलाय. तिसरी पट्टी करू नका, चौथी करू नका. मला मोडा आणि चुलीत घाला, त्या लाल प्लॅस्टिकचेही तुकडे करा. माणसाला लघवीला जाण्यासाठी काहीतरी हातात धरावं लागतं, ही कल्पनाच मोडा. तुम्ही जो शर्ट घातलाय त्याची कॉलर कुणीतरी लावलीय. ती बाई त्या दिवशी किती वेळा उठली होती, एवढं एकदा विचारा. साहेबांना विचारा, कारण आम्हाला ते उत्तर देत नाहीत.

आणि लवकर विचारा. आत्ता सव्वादोन वाजलेत. मी कुणाच्या तरी मुठीत दुसरा जिना उतरतेय. कॉलरवाली सकाळी साडेआठपासून, जेवणाच्या सुटीतही, उठलेली नाही. मी निघाले तेव्हा ती गुडघे जुळवून बसली होती. बाटली अर्धी होती. तिने एक घोट घ्यायला ती उचलली, मग घड्याळाकडे बघितलं आणि झाकण घट्ट लावून खाली ठेवली.